धुराड्याचं वरचं अक्षर

हात्सुए कुसुमीचं टेबल माझ्या टेबलाला इतकं चिकटून होतं की तिनं ब्रश झटकला तर माझं आभाळ ओलं व्हायचं. तोक्योच्या नेरिमा भागातल्या आमच्या स्टुडिओत आम्ही दोघी कार्टूनपटांची पार्श्वभूमी रंगवायचो. माणसं, कुत्री, भुतं रंगवणारे वेगळे. त्यांच्या मागचं सगळं आमच्याकडे: डोंगर, गल्ल्या, भिंतीवरची ओल. स्टुडिओ म्हणजे कोबीच्या शेताला लागून उभी असलेली दुमजली लाकडी इमारत. वारा सुटला की शेतातली माती आत येऊन ओल्या रंगावर बसायची, आणि आमचे दिग्दर्शक ओबातासान चित्र उचलून विचारायचे, "हा खरखरीत पोत फार छान जमलाय, कसा केलात?" हात्सुए गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "खिडकी उघडी ठेवून."

ती गुन्मा प्रांतातल्या कुरोनुमा गावची. तिच्या वडिलांचं, तोकुझोसानांचं, तिथं सार्वजनिक न्हाणीघर होतं, नाव त्सुरु-नो-यु. त्सुरु म्हणजे करकोचा, नो म्हणजे ‘चं’ आणि यु म्हणजे गरम पाणी. गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं कामे-नो-यु, म्हणजे कासवाचं. त्याचे मालक नागुमोसान. हे दोघं लहानपणापासूनचे दोस्त आणि लहानपणापासूनचे वैरी. एकानं हौद मोठा केला की दुसऱ्यानं आरसे बदलायचे. एकानं आंघोळीनंतर बाटलीतलं गार दूध ठेवलं की दुसऱ्यानं कॉफीचं दूध आणायचं. विणकाम गिरणीतल्या बायका कधी करकोच्याकडे जायच्या, कधी कासवाकडे, आणि दोन्हीकडच्या कागाळ्या दोन्हीकडे करायच्या.

न्हाणीघराच्या भिंतीवर फुजी पर्वत असतोच. वाफेनं रंग उतरतो, म्हणून दरवर्षी एक फिरता चितारी येऊन तो नव्यानं रंगवायचा. लहानगी हात्सुए दिवसभर त्याच्या शिडीखाली बसलेली असे. चितारी पर्वत रंगवून झाला की हौदात उतरून पाण्याच्या रेघेच्याही खाली किनारा आणि दगड रंगवायचा. ती म्हणायची, "ते तर पाण्यात जाणार." तो म्हणायचा, "पोरी, पाणी आज इथं आहे, उद्या हौद अर्धा भरला तर? उघडं पडायचं ते कुठून पडेल, सांगता येत नाही." एवढ्या शिकवणीवर ती चित्रकार झाली. न्हाणीघर सांभाळायचं सोडून तोक्योला आली, तेव्हा तोकुझोसान स्टेशनवर तिला म्हणाले होते, "माझ्याकडचं चित्र बघायला लोक निदान अंगावरचे कपडे उतरवून येतात. तुझं बघायला कोण येणार आहे?"

राग नव्हता त्यात. त्यांची बोलायची तीच तऱ्हा होती. पण हात्सुएच्या मनात ते वाक्य राहिलं होतं. वीस वर्षांत तिनं इतके सिनेमे रंगवले, त्यातला एकही बघायला म्हातारा थिएटरात गेला नव्हता. "कार्टून पोरांसाठी असतं," एवढंच म्हणायचा.

मग आमच्याकडे गडगडाटाच्या देवाच्या धाकट्या पोराचा सिनेमा आला. ढगावर उनाडक्या करताना तो पोरगा घसरतो, एका लहानशा गावात पडतो आणि त्याला परत वर जायचं असतं, अशी गोष्ट. पडतो तो न्हाणीघराच्या धुराड्यावर. उंच धुराडं, त्याला मिठी मारून खाली सरकत येणारं पोर, आणि खाली माना वर करून बघणारं अख्खं गाव. या धुराड्याचं चित्र हात्सुएच्या वाट्याला आलं. ओबातासान म्हणाले, "कुसुमीसान, तुम्ही अशाच घरातल्या. तुम्हाला वेगळं काय सांगायचं?"

आमच्या कागदावर दोन चौकटी आखलेल्या असायच्या. बाहेरची काळी, जवळजवळ चौकोनी. कॅमेरा तेवढं सगळं टिपायचा, आणि पुढेमागे सिनेमा टीव्हीवर आला तर तेवढं सगळं दिसायचं, कारण टीव्हीचा पडदा तसाच चौकोनी. तिच्या आत दुसरी तांबडी, आडवी आणि बसकी. थिएटरचा पडदा रुंद असतो, म्हणून तिथं फक्त तांबड्याच्या आतलं दिसणार. वरची आणि खालची पट्टी झाकली जाणार. सिनेमा आधी थिएटरात लागायचा होता आणि तारीख जवळ आली होती. म्हणून ओबातासानांनी सांगून टाकलं होतं, "तांबड्याच्या बाहेर जीव काढू नका. एखादा हात फिरवलात तरी पुरे." आम्ही सगळ्यांनी ते आनंदानं ऐकलं. हात्सुएनं मान डोलावली आणि काळ्या चौकटीपर्यंत एकेक वीट रंगवली.

धुराड्यावर न्हाणीघराचं नाव लिहिलेलं असतं, एकाखाली एक अक्षर, लांबून दिसेल असं. ओबातासानांनी आराखड्यात नाव रिकामं ठेवलं होतं. मी बाजूला बसून बघत होते. हात्सुएनं तांबड्या रेघेच्या वर, जिथं थिएटरचा डोळा पोचणार नाही तिथं, ‘त्सुरु’ काढलं, आमच्या लिपीत करकोच्याचं ते एकच अक्षर, आणि रेघेच्या खाली ‘नो’ आणि ‘यु’.

"अगं, तुझ्या बाबांचं न्हाणीघर!" मी म्हणाले.

"श्श! वरचं अक्षर कुणाला दिसणार नाही. खालचं ‘नो-यु’ तर देशातल्या अर्ध्या न्हाणीघरांच्या नावात असतं. बाबांना मी सिनेमात घेतलं, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही." तिला फारच मजा वाटत होती. त्या दिवशी तिनं माझ्या डब्यातली लोणच्याची फोडसुद्धा न विचारता उचलली.

घोटाळा झाला तो ट्रेलरमुळे. थिएटरात दाखवायचा ट्रेलर रुंद होता, सिनेमासारखाच. पण टीव्हीसाठी जाहिरातवाल्यांनी वेगळा ट्रेलर बनवला. त्यांचं म्हणणं, टीव्हीचा पडदा वरपासून खालपर्यंत भरला पाहिजे, वरखाली काळ्या पट्ट्या आल्या तर लोकांना वाटतं टीव्ही बिघडला. म्हणून त्यांनी काळ्या चौकटीपर्यंत पुरी असलेली दृश्यं शोधायला घेतली. आमच्या बहुतेकांच्या चित्रांत वर आभाळ अर्धवट आणि खाली जमीन गायब. पुरी होती ती हात्सुएची. झालं, टीव्हीचा अख्खा ट्रेलर तिच्याच चित्रांनी भरला, आणि मधोमध ते धुराडं, तिन्ही अक्षरांसकट.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्सुरु-नो-युच्या कपडे बदलायच्या खोलीत टीव्ही चालू होता. तिथं पंचे गुंडाळून बसलेल्या सगळ्यांनी तो ट्रेलर एकदम पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओतला फोन वाजला. फोन जिन्याखाली होता, पण तोकुझोसानांचा आवाज वरच्या मजल्यावर आमच्यापर्यंत आला.

"हात्सुए! तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय, बाबा?"

"काय म्हणे! आपलं धुराडं टीव्हीवर आलं! नावासकट! पोस्टमास्तर तसाच पंचा गुंडाळून रस्त्यावर धावला सांगत! नागुमोचं तोंड बघायला हवं होतंस, कासवासारखं आत गेलंय. मी सगळ्या आळीला घेऊन थिएटरात येणार. येणाऱ्याला आंघोळीनंतरचं दूध फुकट, असं सांगूनही टाकलंय."

हात्सुए घाईघाईनं म्हणाली, "बाबा, जरा ऐका. थिएटरात ते अक्षर दिसणार नाही."

"का? पुसलंस?"

"पुसलं नाही. थिएटरचा पडदा वेगळ्या आकाराचा असतो."

"थिएटरचा पडदा मोठा की टीव्हीचा?"

"थिएटरचा."

"मग मोठ्यात जास्त दिसेल की कमी?"

"जास्त... म्हणजे मोठं दिसेल, पण कमी दिसेल."

मग तोकुझोसान समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरी, तू जेवतेस ना वेळेवर? हे बघ. खानावळीच्या काचेत मेणाचा नमुना ठेवतात. त्यात दोन कोळंब्या असतील तर ताटात दोन यायला हव्यात. तुम्ही नमुना दाखवलात, आता माल द्या." आणि फोन ठेवला.

ती वर आली तेव्हा ओबातासानांसकट आम्ही सगळे हसून लोटपोट झालो होतो. तीही हसली, पण मग माझी बाही धरून म्हणाली, "रित्सु, माझ्याबरोबर चल. एकटीला तोंड द्यायची हिंमत नाही."

मार्चमध्ये शाळांना सुट्टी लागली आणि सिनेमा लागला. आम्ही उएनो स्टेशनवरून गाडी पकडून कुरोनुमाला गेलो. गावात एकच थिएटर. उशियामासान नावाचे गृहस्थ त्याचे मालक, आणि प्रोजेक्टरही तेच चालवायचे. त्यांची बायको तिकिटं फाडायची आणि भाजलेली रताळी विकायची. आम्ही पोचलो तर दारात न्हाणीघराचीच गर्दी. गिरणीतल्या बायका, पोस्टमास्तर, पोरंबाळं, आणि सगळ्यांच्या पुढे ठेवणीतल्या कोटात तोकुझोसान. लेकीला बघून त्यांना भरून आलं असावं, कारण ते एवढंच म्हणाले, "बारीक झालीस." मग माझ्याकडे वळून, "तुम्हीही झालात." आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो.

नागुमोसानही आले होते. "फुकटच्या दुधासाठी नाही हं," ते दारातूनच म्हणाले, "कार्टून बघायला आलोय."

"तुझ्या वयाला शोभेलसंच आहे," तोकुझोसान म्हणाले.

दिवे मालवले. ढग, गडगडाट, घसरलेलं पोर. मी पडद्याऐवजी हात्सुएकडे बघत होते. ती खुर्चीत खाली खाली सरकत होती. आणि आलं धुराडं. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते खरंच देखणं होतं. डावीकडून उजवीकडे पसरलेली छपरं, मधोमध वर आभाळात घुसत गेलेलं धुराडं, त्याला बिलगलेलं पोर. आणि अक्षरं फक्त दोन. ‘नो’ आणि ‘यु’.

सगळं थिएटर वाट बघत राहिलं. जणू कॅमेरा आत्ता वर जाईल. तो गेला नाही. आणि मग अंधारातून नागुमोसानांचा खणखणीत आवाज आला:

"अरे वा! हे तर माझं कामे-नो-यु!"

जो हशा उसळला तो थांबेचना. तोकुझोसान ताडकन उभे राहिले. "वर घ्या! उशियामा, चित्र जरा वर घे!" कुणी म्हणालं, "पुढं जाऊन खालून बघा, वरचं दिसेल." आणि ते खरोखर पुढं गेले! पडद्याच्या पायथ्याशी उभे राहून, मान मागे टाकून वर बघू लागले. त्यांच्या टकलावर गडगडाटाचं पोर सरकत होतं. पोरं तर खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. हात्सुए उठून गेली आणि वडिलांना हाताला धरून जागेवर घेऊन आली. उरलेला सिनेमा त्यांनी हाताची घडी घालून पाहिला. एकदाही हसले नाहीत.

खेळ संपल्यावर आम्ही दोघी वर प्रोजेक्टरच्या खोलीत गेलो. हात्सुएला कुणाची तरी माफी मागायची होती आणि उशियामासान जवळ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रीळ उलगडलं आणि फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरली.

"हे काय, आहे की!" ते म्हणाले.

बोटाच्या पेराएवढ्या चित्रात अख्खं धुराडं होतं, तिन्ही अक्षरं जागच्या जागी. उशियामासानांनी प्रोजेक्टरमधून एक पितळी पत्रा ओढून काढला. त्याला मधोमध आडवं भोक होतं. "याच्यातून उजेड जातो. भोक बसकं, म्हणून वरचं खालचं अडतं. तुझ्या बापाचा करकोचा इथं, या पत्र्यामागं अडकलाय." त्यांनी फडताळातून दुसरा पत्रा काढला, चौकोनी भोकाचा. "जुन्या सिनेमांचा आहे. हा आणि याचं भिंग लावलं की सगळं दिसेल. पडदा दोन्ही बाजूंनी थोडा रिकामा राहील, एवढंच."

हात्सुएचे डोळे चमकले, आणि लगेच विझले. "दिग्दर्शकांना विचारायला हवं. त्यांनी चित्र तसं दाखवण्यासाठी रचलेलंच नाही."

दुपारी तिनं न्हाणीघरातून फोन लावला. आधी ओबातासान सरळ नाही म्हणाले. "तांबड्याच्या बाहेर आपण काय काय सोडलंय, तुम्हाला माहीत आहे ना? मला उघडं करताय तुम्ही!"

"तुम्हाला एकट्यालाच नाही, सगळ्यांनाच," हात्सुए म्हणाली. मग तिनं वडील पडद्याखाली जाऊन उभे राहिले ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं फोन तुटला. ते हसत होते.

"ते एकच रीळ," ते शेवटी म्हणाले. "आणि बघणाऱ्यांना सांगा, की आम्ही माणसं तशी बरी आहोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्या खेळाआधी, कालचीच सगळी मंडळी पुन्हा जमली. उशियामासानांनी पत्रा बदलला, भिंग बदललं. चित्र पडद्यावर अरुंद आणि उंच उभं राहिलं. धुराडं आलं. आणि त्याच्या माथ्याजवळ करकोचा.

"त्सु-रु-नो-यु!" गिरणीतल्या बायकांनी एका सुरात वाचलं. टाळ्यांनी थिएटर दणाणलं. तोकुझोसान उठून चारही दिशांना वाकून नमस्कार करू लागले, आणि त्या नादात रीळ पुढं चाललंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पोरांच्या आलं.

"त्या बाईला पाय नाहीत!"

खरंच नव्हते. स्वयंपाकघरातली आई घोट्यापाशी संपत होती आणि चुलीपुढं तरंगत होती. मागोमाग सायकलवरचा पोलीस आला. त्याच्या चाकांचा खालचा भाग कुणी काढलाच नव्हता. मग डोंगर, ज्याचं आभाळ मधेच संपून कोरा कागद लागत होता, आणि त्या कागदावर कुणीतरी रंग तपासायला मारलेले निळे फराटे. एका देवळावर तर चहाच्या पेल्याचं गोल वळं उमटलेलं. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. पोराचा बाप, गडगडाटाचा देव, रागानं उभा राहिला, आणि त्याच्या डोक्याला टाळूच नव्हती! उशियामासान खोलीत इतके हसले, की रीळ संपलं तरी प्रोजेक्टर तसाच चालू राहिला आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड.

"पुन्हा लावा!" पोरं ओरडली. हात्सुए दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. मला वाटलं रडतेय. हात बाजूला केले तर हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "रित्सु, ते चहाचं वळं ओबातासानांच्या पेल्याचं आहे," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तोकुझोसान नागुमोसानांपुढं छाती काढून उभे राहिले. "काय? दिसला ना करकोचा?"

"दिसला," नागुमोसान म्हणाले. "पण तो आजच्या दिवसापुरता. नेहमीच्या खेळाला पुन्हा तो पितळी पत्रा लागणार. म्हणजे टीव्हीवर तू, थिएटरात मी."

तोकुझोसान काहीतरी सणसणीत बोलणार होते, पण तेवढ्यात बायका म्हणाल्या, "दूध कुठंय?" आणि वरात त्सुरु-नो-युकडे निघाली. आठवडाभरात दोन्ही न्हाणीघरांच्या दारांवर पाट्या लागल्या. करकोच्याकडे, ‘टीव्हीवर झळकलेलं धुराडं’. कासवाकडे, ‘थिएटरात झळकलेलं धुराडं’. शेजारच्या गावांतून लोक दोन्हीकडे आंघोळीला येऊ लागले, आणि खरं धुराडं कुठलं यावर हौदात गळ्यापर्यंत बुडून वाद घालू लागले.

एप्रिलमध्ये तोकुझोसान पहिल्यांदा तोक्योला, आमच्या स्टुडिओत आले. ठेवणीतला कोट, हातात लोणच्याची बरणी. लेकीच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसले आणि तासभर तिचा ब्रश बघत राहिले. मधेच विचारायचे, "हे दिसणार?" ती म्हणायची, "हो." "आणि हे?" "थिएटरात नाही." ते मान डोलवायचे आणि पुढचं बघायचे.

तेवढ्यात ओबातासान आले. म्हाताऱ्यानं उठून नमस्कार केला आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला. "तुम्ही माझं धुराडं का कापलंत?"

ओबातासानांनी एक कागद ओढला आणि दोन आडव्या चौकटी काढल्या. एकीत अख्खं धुराडं बसवलं, टोकासकट. दुसरीत तेच, पण चौकटीच्या वर निघून गेलेलं. "यातलं उंच कुठलं?"

तोकुझोसानांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला. "हे. कापलेलं."

"टोक दिसलं की डोळा मोजून मोकळा होतो. नाही दिसलं तर त्याला वाटतं, अजून वर असेल."

म्हाताऱ्यानं दोन्ही चौकटींवरून एकदा बोट फिरवलं. "म्हणजे थिएटरात माझं धुराडं आहे त्याहून उंच दिसलं?"

"कितीतरी."

"नागुमोच्याहून?"

"नागुमोसानांचं मी पाहिलेलं नाही," ओबातासान म्हणाले, "पण शक्यता आहे."

तोकुझोसानांनी तो कागद नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. "गाडी किती वाजताची आहे गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आत्ताच तर आलात बाबा! जेवून जा."

"नागुमो आज संध्याकाळी हौद धुवायला घेतो. तेव्हाच त्याला गाठून हा कागद दाखवायला हवा."

हात्सुएनं ब्रश पाण्यात टाकला, आणि वडिलांना स्टेशनवर सोडायला निघाली. जिना उतरताना दोघांचा वाद सुरू झालेला मला ऐकू येत होता. पुढच्या सिनेमात न्हाणीघराचं दार घ्यायचं की हौद, यावर.